पाकिटातलं पाकीट



राखीपौर्णिमा जवळ आली की घराघरांत एक ठरलेलं दृश्य दिसतं. ताई टेबलाशी बसलेली असते. समोर राख्या, कुंकवाच्या पुड्या आणि एक मोठं पाकीट. नाशिकच्या काकांकडे तीन भाऊ, म्हणून ती तीन छोटी पाकिटं तयार करते. एकावर लिहिते 'दादा', दुसऱ्यावर 'बंटी', तिसऱ्यावर 'छोटू'. मग ती तिन्ही मोठ्या पाकिटात घालते आणि मोठ्या पाकिटावर काकांचा पूर्ण पत्ता लिहिते. अगदी पिन कोडसह.

आता गंमत पाहा. टपाल खात्याला आतल्या बंटीशी काहीच देणंघेणं नसतं. पोस्टमनकाका वाचतात तो फक्त बाहेरचा पत्ता. 'बंटी' हे नाव काकांच्या घरातच उपयोगाचं. नुसतं 'बंटी' लिहून पाकीट पेटीत टाकलं तर ते कुठंच पोचणार नाही, कारण बंटी काय, गल्लोगल्ली आहेत!

ताईची हीच युक्ती आज जगभरातल्या मोठमोठ्या संगणक-इमारतींमध्ये दर क्षणाला वापरली जाते. ती वापरताना एक अवघड प्रश्न सोडवावा लागला. पाकिटावर चौकटी किती आखायच्या आणि जागा किती कोरी ठेवायची? साधा वाटतो ना? पण या प्रश्नानं हुशार इंजिनिअरांना बरीच वर्षं झुंजवलं. आज त्याचीच गोष्ट.

एका इमारतीत अनेक शाळा

तुमच्या गावात अशी इमारत असेल, जिथं सकाळी एक शाळा भरते आणि दुपारी दुसरी. समजा, त्या दोन्ही शाळा एकाच वेळी भरू लागल्या. शिपाईमामांच्या हाती एक चिठ्ठी आली, 'सातवी अ, हजेरी क्रमांक 12'. आता मामा ही चिठ्ठी कोणाला देणार? सातवी अ दोन्ही शाळांत आहे आणि 12 नंबरही दोन्हीकडे आहे. चुकीची शाळा तरी म्हणायची कोणती? दोघांचाही पत्ता बरोबरच!

डेटा सेंटरमध्ये नेमकं हेच होतं. डेटा सेंटर म्हणजे हजारो संगणक एकत्र ठेवलेली इमारत. आपण मोबाइलमधले फोटो 'वर' साठवतो, घरबसल्या वस्तू मागवतो, तेव्हा कामाला लागतात ते अशा इमारतींतले संगणक. ते अनेक कंपन्या भाड्यानं घेतात. त्यातही एक खरा संगणक अनेक संगणकांचं सोंग घेतो. अशा सोंगातल्या संगणकाला आभासी संगणक म्हणतात. एकाच पेटीत शेजारी शेजारी एका दुकानाचा, एका बँकेचा आणि एका रुग्णालयाचा आभासी संगणक नांदत असू शकतो.

प्रत्येक भाडेकरू आपल्या संगणकांना आपल्या सोयीनं क्रमांक देतो. अशा घरगुती वापरासाठी काही क्रमांक राखूनच ठेवलेले आहेत. 10.0.0.5 हा त्यातलाच एक. त्यामुळे दुकानाकडेही 10.0.0.5 असतो आणि रुग्णालयाकडेही. हजेरी क्रमांक 12 सारखंच हे.

आणखी एक भानगड आहे. आभासी संगणक चालू असतानाच एका खऱ्या संगणकावरून उचलून दुसऱ्यावर नेता येतो. पण त्याचा क्रमांक बदलून चालत नाही. बदलला तर त्याच्याशी चाललेली बोलणी मध्येच तुटतील. बंटी नाशिकहून साताऱ्याला राहायला गेला तरी बंटीच राहतो. बदलतो तो बाहेरच्या पाकिटावरचा पत्ता.

म्हणून संगणकांनी ताईची वाट धरली. आतलं पाकीट जसंच्या तसं ठेवायचं आणि त्यावर दुसरं पाकीट चढवायचं. बाहेर खऱ्या संगणकाचा पत्ता आणि सोबत 'शाळा क्रमांक'. पलीकडच्या टोकाला बाहेरचं पाकीट फाडून टाकायचं आणि आतलं योग्य त्या आभासी संगणकाच्या हाती द्यायचं. त्या बिचाऱ्याला पत्ताही लागत नाही की आपलं पत्र दुसऱ्या पाकिटातून आलं!

हेडर म्हणजे काय?

संगणक लांबलचक मजकूर एकदम पाठवत नाही. तो त्याचे छोटे छोटे तुकडे करतो. या तुकड्यांना पॅकेट म्हणतात. पॅकेटच्या सुरुवातीला कुठून, कुठं, किती वगैरे माहितीची एक पट्टी असते. ती पट्टी म्हणजे हेडर. त्यातली प्रत्येक चौकट आधीच ठरलेली असते.

अशी आखणी आपल्या ओळखीची आहे. आपला पिन कोड घ्या ना! श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी ही पद्धत आखली आणि 15 ऑगस्ट 1972 पासून ती देशात सुरू झाली. आकडे फक्त सहा. पहिला आकडा देशाचा मोठा विभाग सांगतो, पहिले तीन मिळून पत्रं वाटणीचा जिल्हा सांगतात आणि शेवटचे तीन नेमकं टपाल कार्यालय. दूरच्या गावी पत्रं वेगळी करणाऱ्या माणसाला सगळे आकडे वाचावेच लागत नाहीत. पहिले तीन पाहिले की त्याचं काम झालं. चांगल्या आखणीची ही खूण आहे. ज्याला जेवढं हवं तेवढं त्याला चटकन सापडलं पाहिजे.

बारा चौकटींची गोष्ट

भाडेकरूंना वेगळं ठेवायची कल्पना जुनीच होती. 1998 साली एक मानक ठरलं. मानक म्हणजे सगळ्यांनी पाळायची लेखी पद्धत. त्यात एका जाळ्याचे अनेक वेगवेगळे भाग पाडता येत. या भागांना 'व्हीलॅन' म्हणत आणि भागाचा क्रमांक लिहायला हेडरमध्ये 12 चौकटी होत्या.

संगणकाच्या चौकटीत मावतो तो फक्त 0 किंवा 1. अशा चौकटीला बिट म्हणतात. एका चौकटीत 2 क्रमांक लिहिता येतात, दोन चौकटींत 4, तीन चौकटींत 8. दर चौकटीला दुप्पट! वहीत बारा वेळा दुप्पट करून पाहा. उत्तर येईल 4096. त्यातले दोन क्रमांक राखीव, म्हणजे हाती उरले 4094.

तेव्हा ते भरपूर वाटले. एका कचेरीत हिशेबाचा विभाग, विक्रीचा विभाग, साहेबांचा विभाग असे कितीही धरले तरी चार हजार विभाग कोणाकडे असतात? पण पुढं एकाच छपराखाली हजारो भाडेकरू आले आणि एकेका भाडेकरूला अनेक विभाग हवेसे झाले. मग 4094 कुठे पुरणार?

तुम्ही म्हणाल, एक चौकट वाढवायची की! तिथंच तर मेख आहे. यंत्र हेडर वाचतं ते चौकटी मोजून. मध्येच एक चौकट घातली की पुढचं सगळं एक घर सरकतं. रांगेत कोणी घुसलं तर मागच्या सर्वांचे नंबर बदलतात, तसंच. आणि जुनी यंत्रं तर जगभर बसवलेली! म्हणजे ज्यांनी 12 चौकटी ठेवल्या ते काही वेडे नव्हते. पुढची गरज त्यांना दिसणं शक्य नव्हतं, एवढंच.

चोवीस चौकटी आणि पन्नास बाइट

2011 साली काही कंपन्यांच्या इंजिनिअरांनी मिळून एक नवी आखणी सुचवली आणि 2014 मध्ये ती अधिकृतपणे प्रसिद्ध झाली. तिचं नाव व्हीएक्सलॅन. तिच्यात शाळा क्रमांकासाठी 24 चौकटी आहेत. 12 च्या दुप्पट, म्हणून क्रमांकही दुप्पट होतील, असं वाटलं ना? नाही बरं का! ते होतात 1,67,77,216. एक कोटी सदुसष्ट लाखांच्या वर!

पण पाकिटात पाकीट घातलं की वजन वाढतंच. आठ चौकटींचा एक बाइट होतो. व्हीएक्सलॅनचं स्वतःचं हेडर 8 बाइटचं. पण बाहेरच्या रस्त्यांना कळेल असा पत्ताही वर लिहायला हवा. त्यासाठी नेहमीची तीन हेडरं लागतात, 14, 20 आणि 8 बाइटची. बेरीज करा. 14 + 20 + 8 + 8 म्हणजे 50 बाइट.

साध्या जाळ्यात एका पॅकेटमधून जास्तीत जास्त 1500 बाइट न्यायची रीत आहे. त्याला 50 बाइटचं वेष्टण म्हणजे शंभर रुपयांच्या वस्तूला साधारण सव्वातीन रुपयांचं पाकीट. हे परवडलं. पण सगळ्यात लहान पॅकेट असतं 64 बाइटचं. त्यालाही वेष्टण 50 बाइटचंच! म्हणजे पेढा एक आणि खोका जवळजवळ तेवढ्याच वजनाचा. म्हणून आखणी करणारे एकेका बाइटसाठी वाद घालतात. हा बाइट एकदाच लिहायचा नसतो, तर जाणाऱ्या प्रत्येक पॅकेटवर लिहायचा असतो.

आणखी एक गोची. 1500 बाइटनी काठोकाठ भरलेल्या पॅकेटवर 50 चढवले की झाले 1550. रस्त्यातली दारं 1500 चीच असली तर ते अडकणार. मग होतं काय, की छोटे निरोप सुखरूप पोचतात आणि मोठे मध्येच गडप होतात. असा बिघाड शोधणं फार कठीण. यावर उपाय दोन. आतलं पॅकेट 1450 चंच करायचं, नाहीतर खालची सगळी दारं रुंद करायची.

एका चौकटीचे दोन उपयोग

आता एक नामी युक्ती सांगतो. डेटा सेंटरमध्ये दोन संगणकांच्या मध्ये एकच रस्ता नसतो, अनेक असतात. चौकातली यंत्रं बाहेरचं हेडर पाहून कोणाला कोणत्या रस्त्यानं सोडायचं ते ठरवतात. पण इथं शेकडो आभासी संगणकांची पॅकेट एकाच खऱ्या संगणकातून निघून दुसऱ्या खऱ्या संगणकाकडे चाललेली. सगळ्यांवर बाहेरचा पत्ता सारखाच. मग ती सगळी एकाच रस्त्यावर गर्दी करणार आणि बाकीचे रस्ते ओस पडणार!

बरं, पॅकेट मनाला येईल तशी उधळूनही चालत नाही. एकाच संभाषणातलं दुसरं पॅकेट पहिल्याच्या आधी पोचलं तर घोटाळा होतो.

इंजिनिअरांनी काय केलं? बाहेरच्या हेडरमध्ये 'पाठवणाऱ्याचं दार' नावाची एक चौकट आधीपासूनच होती. इथं तिचं फारसं काम नव्हतं. आतलं हेडर वाचून, एक छोटं गणित करून, आलेलं उत्तर त्यांनी त्या चौकटीत लिहायचं ठरवलं. एका संभाषणाच्या सगळ्या पॅकेटचं उत्तर एकच येतं, म्हणून ती एकाच रस्त्यानं रांगेत जातात. वेगळ्या संभाषणाचं उत्तर बहुधा वेगळं येतं, म्हणून त्याला दुसरा रस्ता मिळू शकतो. चौकातल्या जुन्या यंत्रांत काही बदल करावा लागला नाही आणि हेडर एका बाइटनंही वाढलं नाही. आहे की नाही गंमत?

कोरी जागा

व्हीएक्सलॅनच्या 8 बाइट म्हणजे 64 चौकटींपैकी 24 शाळा क्रमांकाच्या. आठ चौकटी खुणांच्या आणि त्यांतलीही एकच खूण वापरात. उरलेल्या 32 चौकटी चक्क कोऱ्या! पाठवणाऱ्यानं तिथं शून्य लिहावं आणि घेणाऱ्यानं तिकडं पाहूच नये, असा नियम. पुढं कधी लागली तर असावी म्हणून ठेवलेली ही जागा.

पण लोकांच्या मागण्या वाढत गेल्या. कोणी म्हणालं, हे पॅकेट कोणत्या गटातून आलं ते लिहायचंय. कोणी म्हणालं, वाटेत किती वेळ लागला ते टिपायचंय. उद्या कोण काय मागेल, कोणी सांगावं? 32 चौकटी कोणाकोणाला पुरणार?

तेव्हा दुसरी एक आखणी पुढं आली. तिचं नाव 'जिनीव्ह'. इंटरनेटची मानकं ठरवणारी आयईटीएफ नावाची संस्था आहे. तिच्यापुढं अशा तीन आखण्या होत्या. त्यांची तुलना होऊन जिनीव्ह निवडली गेली आणि 2020 साली ती मानक म्हणून प्रसिद्ध झाली. तिच्यातही सुरुवातीला 8 बाइट ठरलेले आहेत आणि शाळा क्रमांक 24 चौकटींचाच आहे. मात्र त्यापुढं हवी तर जास्तीची माहिती जोडता येते, जास्तीत जास्त 252 बाइट. काही जोडायचं नसेल तर एकही बाइट खर्च होत नाही.

आता या जास्तीच्या माहितीतलं एखादं कलम जुन्या यंत्राला कळलंच नाही तर? यासाठी दोन सोयी केल्या आहेत. पहिली, ही माहिती एकूण किती लांब आहे आणि तिच्यातलं प्रत्येक कलम किती लांब आहे, हे आधीच लिहिलेलं असतं. म्हणजे न कळलेलं तेवढं ओलांडून पुढं जाता येतं. दुसरी सोय मला फार आवडते. प्रत्येक कलमावर 'महत्त्वाचं' अशी एक खूण करता येते. तिचा अर्थ असा, की हे तुला वाचता येत नसेल तर पाकीट टाकून दे, पण अंदाजानं पुढं जाऊ नकोस. समजा कलमात लिहिलंय, 'हे बाहेरून आलंय, आधी तपासा'. ते न कळताच पाकीट आत घेतलं तर केवढ्याला पडेल!

मग सगळ्यांनी व्हीएक्सलॅन सोडून द्यावं का? तसंही नाही. ठरलेल्या लांबीचं हेडर यंत्राला डोळे मिटून वाचता येतं. कमीजास्त लांबीचं वाचायला जरा डोकं लावावं लागतं आणि इथं तर दर सेकंदाला लाखो पॅकेट येत असतात. एकात सोपेपणा जास्त, दुसऱ्यात पुढची सोय जास्त. म्हणून दोन्ही वापरात आहेत.

पाकीट म्हणजे कुलूप नव्हे

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, आणि आईबाबांनाही सांगा. शाळा क्रमांक लिहिला म्हणजे मजकूर सुरक्षित झाला, असं नाही. पाकिटावरचं लिहिणं कोणालाही वाचता येतं आणि खोटा क्रमांकही लिहिता येतो. व्हीएक्सलॅनचं हेडर स्वतः काहीच कुलूपबंद करत नाही. शेजारी शेजारी नांदणाऱ्या त्या दुकानाची आणि रुग्णालयाची आठवण आहे ना? एका रुग्णाचा अहवाल चुकीच्या जाळ्यात जाऊ नये, म्हणून मजकूर सांकेतिक लिपीत बदलण्याची व्यवस्था वेगळी करावी लागते. वाटेवर कोणाला शिरू द्यायचं यावरही पहारा ठेवावा लागतो. पत्ता बरोबर लिहिणं हे एक काम, आणि मजकूर जपणं हे दुसरं. एक केलं म्हणजे दुसरं झालं असं समजू नये.

करून पाहा

एक कागद घ्या. त्यावर ओळीनं 16 चौकटी आखा. प्रत्येकीत फक्त 0 किंवा 1 लिहायचा. हे तुमचं हेडर. त्यात तीन गोष्टी मावल्या पाहिजेत. शाळा कोणती, वर्ग कोणता आणि हजेरी क्रमांक किती.

इयत्ता 1 ते 10 आणि प्रत्येकीच्या 4 तुकड्या धरा. म्हणजे वर्ग झाले 40. पाच चौकटींत 32 च क्रमांक मावतात, म्हणून वर्गासाठी 6 चौकटी लागतील. एका वर्गात जास्तीत जास्त 60 मुलं धरली तर हजेरी क्रमांकालाही 6 लागतील. उरल्या 4, म्हणजे 16 शाळांची सोय झाली. वा! सगळं कसं छान बसलं.

आता तो कागद आईकडे किंवा बाबांकडे द्या आणि त्यांना सांगा, 'यात आणखी एक गोष्ट लिहायची आहे, काय ते तुम्ही ठरवा.' ते म्हणतील, चिठ्ठी तातडीची आहे की नाही ते लिही. किंवा म्हणतील, हजेरी क्रमांक 65 चा मुलगा आलाय. मग तुम्ही काय कराल? शाळा कमी कराल? नवीन कागद घ्याल? पण जुन्या कागदावरून चिठ्ठ्या वाचणाऱ्या मित्रांना कोण सांगणार?

हा खेळ दोन-तीनदा खेळा. दुसऱ्या खेपेला तुम्ही आपणहून एखादी चौकट कोरी सोडाल. आणि लगेच मनात येईल, 'अरे, ही वाया तर नाही ना जाणार?' हेडर आखणाऱ्या इंजिनिअरांनाही अगदी हाच प्रश्न पडतो. किती चौकटी कोऱ्या सोडल्या आणि का, ते कागदाच्या मागं लिहून ठेवायला विसरू नका. तुमचा कागद उद्या दुसऱ्या कोणी हाती घेतला, तर त्याला ते उपयोगी पडेल.

पुढच्या आठवड्यात भेटू!